मागचा फाळका

माह्या नवऱ्यानं टेकडीवर घर बांधलं, अन् त्या घरात मलेच चढता येईना. हसू नका. म्हंजे हसा, साऱ्या फुलसावंगीनं हसून घेतलं, तुमीच कायले मागं राहता. पन आधी पुरं आयकून घ्या.

मी जैबुनबी. माहेर दारव्ह्याचं, सासर फुलसावंगीचं, अन् जिंदगी गेली वणीत. माहा नवरा नासिर मिस्तरी. वणीत कोळशाच्या गाड्या किती, ते मोजाले गेलं तर मानूस येडा होईन, अन् त्यातल्या कितीकाईवर मिस्तरीचा हात फिरलेला. पहिले कंपनीतून नुसती चेसी याची. चाकं, इंजन अन् उघडा सांगाडा. डायवर तोंडाले दुपट्टा बांधून तशीच चालवत आने. मग मिस्तरी तिच्यावर लाकडाची केबिन बसवत, मागं मालासाठी डाला बांधत, डाल्याले फाळका लावत. फाळका म्हंजे गाडीची मागची भिंत. कड्या काढल्या का ती साखळ्याईवर खाली येते अन् माल चढवता येते. माही बिदाईसुद्धा मिस्तरीनंच बनवलेल्या गाडीत झालती. मामू स्टूल आनाले गेले, तोपर्यंत मी शरारा मुठीत धरून चाकावर पाय देल्ला अन् केबिनीत जाऊन बसली. दारव्ह्याचे लोकं अजूनही म्हनतात, नवरी रडलीच नाही, टनकन चढली.

तर आता गाड्या कंपनीतूनच केबिन घेऊन येतात, थंड्या हवेवाल्या. मिस्तरीच्या हाताले केबिनीचं काम उरलं नाही. नुसते डाले बनवून बनवून ते कावले, अन् एक दिवस जेवता जेवता म्हने, "जैबुन, दुकान आता आपला फिरोज पाहीन. मी एक शेवटची केबिन बनवतो. आपल्या दोघाईसाठी. बाबाच्या टेकडीवर."

बाबाची टेकडी म्हंजे माह्या सासऱ्याचा बरडाचा तुकडा. फुलसावंगीच्या बाहेर, वर चढावर. तिथं पळस होते, कुसळ होते, अन् दगड तर न पेरता होतात. खाली नजर जाईन तिथवर डोंगरच डोंगर. पाहाले छान आहे, मी कुठं नाही म्हनते. पन पाहून पाहून मानूस किती पाहीन?

मिस्तरीले पायजे होती शांतता. सारी उमर हातोड्याखाली गेली. म्हनत, "अशा जागी राहाचं, जिथं कोनी येत नाही अन् कोनी जात नाही." अन् मले लागतात मानसं. वणीत आमच्या दारापुढं एक ओटा आहे, एकाच पायरीचा. त्याच्यावर सकाळी दूधवाल्याची वाट पाहनारी बसते, दुपारी लसून सोलनारी बसते, संध्याकाळी जिचं घरी वाजलं ती बसते. मी मधात. कोनाच्या पोरीचं कुठं जुळून राह्यलं, कोनाची सासू कोनत्या दवाखान्यात आहे, मले पेपरच्या आधी समजते. गुडघे गेले तवापासून तर तो ओटाच माही दुनिया. नमाजही खुर्चीवर बसून पढते. डाक्टरनं सांगतलं, "अम्मा, जिना चढाचा नाही, उकिडवं बसाचं नाही." मी इचारलं, "अन् बोलाचं?" म्हने, "ते चालते."

आता सांगा, टेकडीवर जाऊन मी कोनाशी बोलू? पळसाशी?

मी साफ नाही म्हतलं. मिस्तरी रुसले. मिस्तरी रुसले का तोंडानं काहीच बोलत नाहीत, भांडे आदळतात. माह्या दोन पितळी गंजाईले पोचे पडले तवा मी म्हतलं, "बरं, आयका. माही लोखंडाची पेटी घेऊन मी येईन. पेटीले कुलूप राहीन अन् किल्ली माह्या पदराच्या गाठीत. मन लागलं तर पेटी तिथं उघडीन अन् तिथंच मरीन. नाही लागलं तर पेटी बंदच्या बंद वणीले वापस, अन् संगं मी. मग तुमी टेकडीवर, मी ओट्यावर. जुम्म्याले फोन करत जाऊ."

"मंजूर," म्हने. त्याईले वाटलं, घर पाह्यलं का ही पाघळते.

दुकानाच्या आवारात काम सुरू झालं. मिस्तरीले घर बांधता येत नाही, गाडी बांधता येते, हे मले तवाच समजाले पायजे होतं. सांगाडा ठेवला लाकडी घोड्याईवर, बरोबर चेसीच्या उंचीवर, कारन त्याईचे हात त्याच उंचीवर चालतात. सागाच्या फळ्या, वर पत्रा, अन् प्रत्येक जोडाले नट-बोल्ट, म्हंजे इथं खोलून तिथं जोडता येईन. दार गाडीच्या दारावानी. काचा सरकनाऱ्या. टपावर सामान ठेवाले लोखंडी कठडा. कपाळावर घुंगरं. अन् मागं, सांगाची गरज नाही, फाळका. फिरोज म्हने, "अब्बा, घराले फाळका कोन लावते?" मिस्तरी म्हने, "पलंग कुठून चढवशीन मग? तुह्या डोक्यावरून?" बाप-बेट्याचं एवढंच बोलनं झालं.

मले पाहाची मनाई होती. फिरोजले हुकूम होता का अम्मीले फोटो पाठवाचा नाही. दुकान दोन गल्ल्या सोडून, पन माह्या गुडघ्याईले दोन गल्ल्या म्हंजे हज. तर पाह्यलं कोनी? डायवराईनं. जो ये तो एक पाय लोखंडावर ठेवून टनकन वर, आतून टकटक वाजवून पाहे, म्हने, "वा मिस्तरी, महाल आहे." डायवराले चढाले काय लागते. त्याचा जलमच चढ-उतार करन्यात गेला. एकाच्याही तोंडातून निंघालं नाही का मिस्तरी, भाभी कशी चढन?

आता मिस्तरीची एक रीत सांगते, कारन माहा सारा राग तिच्यापाई आहे. केबिन पुरी झाली, रंग झाला, तरी मिस्तरी पायदान लावत नसत. मालक घाई करे. हे म्हनत, "डायवर आना." डायवर आला का त्याले गाडीजवळ उभं करत, स्वता खाली बसत, अन् म्हनत, "उचल पाय. सहज जाईन तितकाच. मर्दानगी दाखवू नको." जिथं पाय थांबे तिथं खडूची रेघ, अन् त्या रेघेवर पायदान. दिग्रसकडचा बाबूसिंग आहे, उंचीनं एवढुसा. त्याचं पायदान इतकं खाली आलं का मालक हसाले लागला. मिस्तरी त्याले म्हने, "हसून घे. दिवसभर चढ-उतार तो करनार आहे, तू नाही." त्या डायवराईले मीच चहा पाजला, अन् मी मनात म्हनत जाये का पाहा, माहा मानूस परक्या मानसाच्या गुडघ्याचाही इचार करते.

ध्यानात ठेवा हे.

दिवाळी झाली. घर खोलून बाबूसिंगच्या गाडीत भरलं अन् गेलं टेकडीवर. तिथं आमच्या शेजारच्या वावराचे पुंडलिकराव मदतीले होते. भला मानूस. मिस्तरीनं फोनवर सांगतलं, "पुढचे खांब माह्या छातीइतके उभे करा, दगड-सिमिटात, पक्के." त्याईनं केले. एवढे उंच काहून, हे इचारलं नाही. मी मागून इचारलं तर म्हने, "भाभी, मले वाटलं सापापाई असन." घराचं तोंड मिस्तरीनं केलं दरीकडं. वरून गावातल्या बायाईची वावरात जायची वाट आहे, तिच्याकडं केली पाठ. शांतता ना.

मग फिरोज मले घ्याले आला. जीपीत पुढं मी, मागं पेटी. टेकडीच्या खालून गाडीवाट आहे, तिथून वर पाह्यलं अन् खरं सांगते, माहा जीव हरकला. मोरपंखी रंग. काचाईवर ऊन. घुंगरं वाऱ्यानं वाजून राह्यलते. कपाळावर मिस्तरीनं नक्षी काढलती, तशी तर त्याईनं कोनत्या शेठच्या गाडीलेही काढली नाही. मी मनात म्हतलं, जैबुन, किल्लीची गाठ सैल कर.

जवळ गेली. अजून जवळ गेली. घराची जमीन आली माह्या छातीले.

मिस्तरी वर दारात उभे, हात पुढं केलेला, तोंडावर ईद. म्हने, "चढ."

मी म्हतलं, "कुठून?"

"अवं, पाय ठेव ना." अन् बोट दाखवलं. दाराखाली पायदान होतं, गाडीवानी लोखंडाचं, माह्या कंबरेच्या जरासं खाली. मी त्या पायदानाकडं पाह्यलं. फिरोजनं पाह्यलं. बाबूसिंगनं पाह्यलं अन् लगेच डोंगराकडं पाहाले लागला. मिस्तरीनं सगळ्यात शेवटी पाह्यलं, अन् त्याईच्या तोंडावरची ईद उतरली.

मी कोशिश केली, नाही असं नाही. एक हात फिरोजच्या खांद्यावर, एक कडीले. पाय गुडघ्यापासून वाकला अन् मले डोळ्यापुढं काजवे दिसले. मग सल्ले सुरू झाले. पुंडलिकरावाईनं पिलास्टिकचा स्टूल आनला. तो उतारावर ठेवला का एक पाय हवेत, मी चढली का दोन पाय हवेत. मग म्हने बैलबंडी मागं रेटत दाराले लावू, भाभी बंडीतून सरकन आत. बैलानं मले पाह्यलं अन् मागं यायले साफ नकार देल्ला. बाबूसिंग लय अदबीनं म्हने, "भाभी, रागवू नका, खालून जरासा टेका देला तर..." मी त्याच्याकडं फक्त पाह्यलं. तो गाडीचं पानी तपासाले निंघून गेला.

मिस्तरी म्हने, "पायऱ्या करतो. उद्याच."

"किती?"

त्याईनं मनात माप लावलं. "सहा-सात."

"डाक्टरनं काय सांगतलं?"

फिरोज म्हने, "अब्बा, खांब कापून घर खाली घेऊ." पन पुढून खाली घेतलं असतं तर मागून अर्धं घर टेकडीत गेलं असतं, हे त्याचं त्यालेच समजलं. पुंडलिकराव म्हने मुरूम टाकून भर घालू. मग तेच म्हने, पहिल्या पान्यात वाहून जाईन.

मी पेटीवर बसली, पळसाखाली, अन् मले रडू आलं. गुडघ्यापाई नाही. गुडघे तर दुखतच राहतात. मी म्हतलं, "मिस्तरी, सारी उमर तुमी डायवराईचे पाय मोजले. बाबूसिंगसाठी मालकाशी भांडले. अन् माहा पाय मोजाची एकदाही आठवन झाली नाही? मी कोन हो तुमची? त्या बाबूसिंगपेक्षाही परकी?"

गाडीमागून बाबूसिंग म्हने, "भाभी, माहं नाव कायले घेता." कोनी हसलं नाही.

मिस्तरी दारात बसले. पाय खाली लोंबकळून राह्यलते. पहिल्यांदा मले ते म्हातारे दिसले. भांडं आदळाले तिथं भांडंही नव्हतं.

मी म्हतलं, "फिरोज, पेटी उचल. उद्या वणीले जाऊ." तवा पुंडलिकरावाईची घरवाली, विमलताई, मधात पडली. म्हने, "आज तर माह्याकडं चला, जैबुनभाभी. चार घास खा. नवऱ्यावर रागवाचं तर पोटभर जेवून रागवा." पेटी त्याईच्या घरी गेली. मिस्तरी टेकडीवरच राह्यले, आपल्या महालात, एकटे.

विमलताई मले आवडली. मी एक सांगे तर ती दोन सांगे. तिच्या नवऱ्यानं एकदा विहिरीवर मोटार बसवली अन् तिचं बटन इतक्या उंच लावलं का ती शिडी घेऊन पानी सुरू करे. मी हसली तवा मले माहाच राग आला, कारन मले हसाचं नव्हतं. सकाळी तिच्या सुनेनं, अपेक्षानं, भाकर अन् तुरीच्या दान्याची आमटी केली. जेवून विमलताई म्हने, "मी कापूस वेचाले चालली. जीप आली का तुमी जानच. पन एकदा त्या मानसाले तोंड दाखवून जा. रातभर तिथं उपाशी असन."

मी म्हतलं, "त्या गाडीवाटेनं मी पुन्हा चढत नाही."

"गाडीवाटेनं कोन जाते? ती मानसाईची वाट. बायाईची वाट वरून आहे. डोक्यावर गाठोडं घेऊन चालाची वाट आहे ती, सपाट. चला."

अन् खरंच सपाट होती. गावामागून निंघते अन् टेकडीच्या कंबरेनं फिरत जाते. वेचनीवाल्या बाया पुढं-मागं होत्या, कंबरेले कापसाच्या ओट्या बांधलेल्या, सगळ्याईची तोंडं सुरू. मी मधात. कोनाची सून, कोनाची जाऊ, कोनाचं काय, वणीच्या ओट्यावर बसल्यावानी वाटलं. गुडघ्याची आठवन आली ती एकदम घराच्या मागं पोचल्यावरच.

हो, मागं. वाट बरोबर घराच्या पाठीकडून जात होती. काल मी खालून छाती लावून पाह्यलं ते घर इथून पाह्यलं तर टेकडीच्या मांडीवर बसलं होतं. खालचे खांब छातीइतके, अन् वरचे हातभर. अन् माह्या समोर होता फाळका. मोरपंखी रंगाचा, पुऱ्या भिंतीएवढा, दोन्हीकडं कड्या, दोन्हीकडं साखळ्या. कोनी उघडलाच नव्हता. गाडी मागं येत नव्हती म्हनून पलंग-बिलंग सारं पुढूनच चढवलं होतं. फिरोज इथं बसून दोन दिवस नट कसत होता. त्याले नट दिसले. जमीन नाही दिसली.

मी फाळक्यावर थाप मारली. "मिस्तरी."

आतून काहीतरी पडलं. "जैबुन? तू कुठून बोलून राह्यली?"

"मागून. फाळका सोडा."

आत शांतता. त्याईची आवडती. मग म्हने, "फाळका कायले?"

"मले आत याचं आहे."

आता या मानसाचं आयका. रातभर उपाशी, बायको वणीले चाललेली, अन् तो आतून मले म्हनते, "नाही. फाळक्यातून माल चढते, जैबुन. कापसाचे गाठोडे चढतात, ढेपीचे पोते चढतात. मी माह्या बायकोले मागून चढवू? मालकीन आहे तू. तुह्यासाठी पुढून दार केलं."

"त्या दारातून तुमची मालकीन चढू शकत नाही."

"लोकं काय म्हनतीन?"

मी मागं वळून पाह्यलं. वेचनीवाल्या साऱ्या बाया थांबून आयकून राह्यलत्या. मी म्हतलं, "लोकं इथंच उभे आहेत. इचारून सांगते." अन् विमलताईले इचारलं, "काय वं, मी पोत्यावानी दिसते का?" विमलताई म्हने, "दिसता. पन भरलेल्या." बाया अशा हसल्या का पळसावरचे पाखरं उडाले. मी म्हतलं, "आयकलं? पोतं तर पोतं. सोडा फाळका."

कडी वाजली. दुसरी वाजली. साखळ्या घरंगळल्या अन् तो एवढा मोठा फाळका हळूहळू खाली आला अन् माह्या समोर आडवा झाला. लांब, रुंद, सागाचा, पक्का. त्याच्या पलीकडं घर. घराच्या पलीकडं उघडं दार. दाराच्या पलीकडं साऱ्या डोंगराईच्या रांगा. अन् मधात माहा नवरा, बनियनवर, हातात कडी, दाढी वाढलेली.

मी फाळक्याकडं पाह्यलं. घरात जायची वाट म्हनून नाही. मी मनात त्याच्यावर बाया बसवून पाह्यल्या. दहा-बारा आरामात बसतात. लसून सोलनारी इकडं, सुनेचं गाऱ्हानं घेऊन आलेली तिकडं, मी मधात. वणीत माहा ओटा याच्या निम्मा आहे.

पन अजून चढाचं राह्यलं होतं. फाळक्याची कड जमिनीपासून दीडेक वीत वर होती. तुमच्यासाठी काहीच नाही. माह्यासाठी ते दीड वीतही डोंगर. मी पाय उचलला अन् गुडघ्यानं नाही म्हतलं. मिस्तरीनं ते पाह्यलं.

ते फाळक्यावरून खाली उतरले. खिशात हात घातला. या मानसाच्या बनियनच्या खिशातही खडू राहते. माह्या पुढं जमिनीवर बसले, साऱ्या बायाईच्या समोर, अन् म्हने, "उचल पाय."

"अजी, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. सहज जाईन तितकाच उचल. जबरदस्ती करू नको."

मी उचलला. गुडघ्याले कुठं दुखाले लागते तिथं थांबली. तिथं त्याईनं फाळक्याखालच्या दगडावर खडूची रेघ मारली. मग म्हने, "पुन्हा उचल." पुन्हा उचलला. रेघ जराशी खाली सरकली. "पुन्हा." तिसऱ्या वेळी त्याईनं माह्या टाचेखाली आपला तळवा धरला, वजन पाहाले, अन् वर न पाहताच बोलाले लागले. म्हने, "डायवराचं माप घ्यावं लागते, जैबुन. तो परका. त्याचा पाय मले माहीत नसते. तुहं माप घ्याचं माह्या डोक्यातच आलं नाही. तुहा पाय मले पाठ आहे असं वाटलं. दारव्ह्याले मामू स्टूल आनाले गेलते अन् तू चाकावर पाय देऊन चढली, मी केबिनीत बसून पाह्यलं होतं. या घराच्या दारात मी तुले तशीच चढताना पाहत होतो. रोज. काम करता करता."

मी म्हतलं, "मिस्तरी, ती पोरगी अठरा वर्साची होती."

"हो," म्हने. "काल समजलं."

अन् मग माहा राग कुठं गेला मले सांगता येत नाही. मी रात्रभर जपून ठेवला होता, जीपीत बसून वणीपर्यंत पुरवनार होती. सगळा उतरला. मले उलटी लाज वाटाले लागली, का हा मानूस इतके वर्स मले शरारा मुठीत धरून चढताना पाहून राह्यला, अन् मी इकडं गुडघ्याले तेल लावून राह्यली.

पायदान त्याईनं तिथंच केलं, उरलेल्या सागाच्या तुकड्याचं, बरोबर रेघेवर. फिरोज जीप घेऊन आला तोपर्यंत मी फाळक्यावर बसलेली होती, पाय पसरून, अन् दोन्हीकडून बाया. फिरोज खालून ओरडला, "अम्मी, निंघाचं ना?" मी म्हतलं, "थांब, बोलून राह्यली."

वेचनी त्या दिवशी उशिरा सुरू झाली. पुंडलिकराव येऊन पाहून गेले का बाया कुठं अडकल्या. त्याईलेही चहा पाजला, अन् मोटारीच्या बटनाचं इचारलं. ते विमलताईकडं पाहत पाहत चहा प्याले.

मिस्तरीच्या शांततेचं म्हनान तर तिचा त्याच दिवशी निकाल लागला. जाता-येता बाया फाळक्यावर टेकतात. सकाळी जाताना पानी, संध्याकाळी येताना चहा. मिस्तरी पुढच्या दारात बसतात, दरीकडं तोंड करून, अन् म्हनतात, "वणीत कमीत कमी जेवाच्या सुट्टीत तरी हातोडे बंद होत." पन कोनाच्या नवऱ्याचं काय झालं ते अर्धवट आयकू आलं का हळूच मागं सरकतात. मी पाहते. मी काही म्हनत नाही.

पन हे नंतरचं झालं. त्या दिवशीचं राह्यलं. संध्याकाळी बाया घरी गेल्या, विमलताईनं पोट्ट्याईच्या हातून माही पेटी पाठवून देल्ली. पेटी फाळक्यावर ठेवली होती, कुलूप लावलेलीच. मी तिच्याजवळ बसली. मिस्तरी आले, इकडं-तिकडं पाह्यलं, पेटीकडं पाह्यलं, माह्या पदराकडं पाह्यलं. किल्लीचं इचाराची त्याईची हिंमत झाली नाही. साखळी हातात घेतली अन् सवयीनं, जसे दुकानातून गाडी बाहेर काढताना क्लीनरले दटावत तसे, म्हने, "उठ जरा, जैबुन. फाळका उघडा ठेवून गाडी सोडत नसतात."

मी पदराची गाठ सोडली.

"गाडी कुठं सोडून राह्यले तुमी?" मी म्हतलं. "आता हे कुठंच जात नाही. पेटी आत घ्या, अन् ही किल्ली धरा, कुलूप घट्ट आहे, माह्यानं उघडत नाही."